‘एकाच अलार्मचे दोनदा पैसे घेतले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, तुमच्या बोटीचं इंजिन दुरुस्त करणारा मी, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. बोटीत पाहुणे, त्यात लहान मुलं, ओहोटी लागलेली आणि संगमावर इंजिन बंद. देवबागला त्या वेळी पाणी कसं बाहेर ओढतं ते मला माहिती आहे, मी इथलाच आहे. तुम्हाला आणि पाहुण्यांना त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. ८ ला येतो सांगून साडेनऊला पोचलो, तेही चुकलंच माझं.

पण ‘एकाच अलार्मचे दोनदा पैसे घेतले, ९,२०० गेले आणि बीप तशीच’ हे जे लिहिलंय ते खूप लागलं. इंजिनाचा अलार्म एक नव्हता सर, दोन वेगळे होते.

दसऱ्याच्या आधी आलो तेव्हा बीप सलग वाजत होती आणि आरपीएम आपोआप खाली आलेले, तुमचा तांडेलच (बोट चालवणारा) म्हणाला की रेस दिली तरी उचलत नाही. ते ओव्हरहीट. इंजिन थंड ठेवणारं पाणी मागून धारेने बाहेर पडतं, ती धार बघितली तर नुसती ठिबकत होती. खालचा भाग उतरवून पाण्याचा पंप उघडला, आतल्या इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या रबरी चक्राच्या, दोन पाकळ्या तुटलेल्या आणि बाकीच्या वळून बसलेल्या, कारण ओहोटीला वाळूच्या पट्ट्यावरून बोट काढली की पाण्याबरोबर वाळू आत जाते आणि रबर खाते. नवीन इम्पेलर टाकून मी निघून येऊ शकलो असतो, पण तुटलेले तुकडे वर पाण्याच्या वाटेत अडकतात आणि आठ दिवसांनी परत गरम होतं, म्हणून ते शोधून काढले, त्यालाच दीड तास गेला. थर्मोस्टॅटवर मीठ धरलेलं तेही साफ केलं. मग तांडेलाला घेऊन अर्धा तास खाडीत बोट फिरवली, एकदाही बीप नाही. त्याचे ५,४००, त्यात पंपाच्या पार्टचं किटच जास्त.

दिवाळीच्या सुट्टीत तुमचा फोन आला तेव्हा बीप थांबून थांबून होती, पाण्याची धार एकदम जोरात, आणि इंजिन गचके देऊन सरळ बंद पडत होतं. म्हणजे कूलिंगचा संबंधच नाही, पेट्रोलचा आहे. आधी टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बघितला, तो बंद राहिला तरी लाइनमधला रबरी बल्ब चपटा होतो आणि इंजिन मरतं, आणि तेवढंच असतं तर मी एक रुपया घेतला नसता. तो उघडाच होता. मग फिल्टर बघितला, वाटीतली लाल रिंग, जी पाणी साचलं की तरंगते, ती वर आलेली, खाली पाणी. टाकीतून काढलेलं मी काचेच्या बाटलीत भरलं, खाली पाणी वर पेट्रोल स्पष्ट दिसतं.

हे पाणी आलं कुठून? तांडेलानेच सांगितलं की गर्दीत पंपावर जायला वेळ नव्हता म्हणून मे महिन्यापासून शेडमध्ये ठेवलेले दोन कॅन टाकीत ओतले. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की तळाला वेगळं होऊन बसतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने ठेवल्यावर दुसरं काय होणार. आणि कॅन ओतले माझ्या पहिल्या कामानंतर, तर पहिल्या वेळी मी ते कसं पकडणार होतो? टाकी रिकामी करणं, लाइन धुणं, नवीन फिल्टर, इंजिनातला पेट्रोलचा भाग उघडून साफ करणं, त्याचे ३,८००. तुम्ही तेव्हा फोनवर होता म्हणून बाटली तांडेलाला दाखवली. तुम्हाला थांबवून दाखवायला पाहिजे होती, ते राहिलं.

वाचणाऱ्या बाकीच्या बोटवाल्यांनी पण लक्षात ठेवा, सलग बीप आली की आधी मागे वळून धार बघा, धार कमी असेल तर इंजिन बंद करा, वर उचला, पाणी घेणाऱ्या जाळीला पिशवी चिकटली आहे का बघा. धार चांगली असूनही इंजिन बंद पडतंय तर टाकी आणि फिल्टरकडे जा.

पावसाळाभर काम नसतं सर, जे कमवायचं ते याच सीझनला, आणि इथे कोण बोलावतं तर एकमेकांचं ऐकून. माझ्याकडे मी आणि एक मुलगा, दिवाळीत रोज पाच-सहा बोटी. आता जुने पार्ट हातात देऊन, काय केलं ते बिलावर लिहून देणार आहे, माणूस वाढवायचं पण बघतोय.

बाटली अजून वर्कशॉपमध्ये फळीवर आहे, मालवणला आलात की बघून जा. स्टार हवं तर एकच ठेवा, पण ‘एकाच अलार्मचे दोनदा’ ही ओळ तेवढी बदला, एवढीच विनंती.