"तुमची मुलं मुळातच शांत असणार" म्हणे!

लहान मुलांना घेऊन गाडीतून जाताना रडारड कशी टाळायची यावरच्या माझ्या पोस्टखाली काल एक निनावी प्रतिक्रिया आली. सगळे काही कमेंट उघडून वाचत नाहीत, म्हणून इथे जशीच्या तशी देते: "मॅडम, वाचून हसू आलं. तुमची मुलं मुळातच शांत असणार, म्हणून असले सल्ले सुचतात. दीड तासाच्या प्रवासात मोबाईल दिला तर काही बिघडत नाही. गाडी चालवणाऱ्याने मुलांशी खेळ खेळणं धोक्याचं आहे. आणि तीन वर्षांच्या पोराला पॉपकॉर्न??"

पॉपकॉर्नचं आधी उरकते, कारण ते तुमचं बरोबर आहे. चार वर्षांच्या आतल्या मुलांना पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, शेंगदाणे असलं काही चालत्या गाडीत देऊच नये, घशात अडकलं तर पुढे बसलेल्याला कळतसुद्धा नाही. मी ते लिहायला नको होतं. बघा, चूक असली की मी मान्य करते. पण हेच "मॅडम" आणि दोन प्रश्नचिन्हं न लावताही सांगता आलं असतं की नाही? "हसू आलं" काय, मी काय विनोदी लेख लिहिला होता का?

आता "मुळातच शांत". अहो, कुठे बघितलीत तुम्ही माझी मुलं? माझी थोरली आठ महिन्यांची असताना सीटमध्ये ठेवायला गेलं की धनुष्यासारखी ताठ व्हायची, एकाने पोटाशी दाबायचं आणि दुसऱ्याने बेल्ट लावायचा, शेजारच्यांना वाटायचं आम्ही पोरीला मारतोय. मागे तोंड करून बसवायची सीट, त्यामुळे मी तिला दिसायची नाही आणि ती मला दिसायची नाही, नुसता आवाज. तेव्हा मी गायला लागले. माझा आवाज कसा आहे ते घरच्यांना विचारा, पण आई इथेच आहे एवढं तिला त्यातून कळायचं आणि चौथ्या-पाचव्या गाण्याला ती गप्प व्हायची. तिच्या झोपेच्या वेळेला गाडी काढायची हे शहाणपण त्यानंतर आलं.

आणि धाकटा! दोन वर्षांचा होईपर्यंत काही त्रास नव्हता, मला वाटलं सुटलो. मग उलट्या सुरू झाल्या. ही गोष्ट खूप मुलांच्या बाबतीत अशीच असते, दोनच्या आत क्वचित, आणि नंतर बारा-एक वर्षांपर्यंत जास्त. एकदा मीही त्याला मोबाईल दिला होता, हो दिला होता, माझं डोकं दुखत होतं. पंधरा मिनिटांत सगळं अंगावर, सीटवर आणि मोबाईलवर. डोळे एका जागी खिळलेल्या चित्राकडे आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतोय आपण हलतोय, या दोघांचं जमलं नाही की मळमळतं, पुस्तक दिलं तरी तेच. त्या दिवशी सीटचे पट्टे मी काढून बादलीत भिजवले, आणि मग माहितीपत्रक वाचलं की पट्टे भिजवायचे नसतात, ओल्या फडक्याने पुसायचे असतात, नाहीतर त्यांची ताकद कमी होऊ शकते. नवे मागवावे लागले. हे सगळं "मुळातच शांत" मुलांच्या घरात होतं का हो?

तेव्हापासून आमच्याकडे लांब बघायचे खेळ. लाल गाड्या कोणाला जास्त दिसतात, पुढचा पूल कोण आधी बघतं, गाण्याच्या भेंड्या. काच थोडी खाली, निघताना पोट ना रिकामं ना तुडुंब, आणि खेळण्यांची पिशवी माझ्या ताब्यात, एका वेळी एकच वस्तू, तीही मऊ, कारण जोरात ब्रेक लागला की कडक खेळणं दगडासारखं पुढे येतं. एकदा तर दोघं आणि मीच, लाल गाड्या मोजण्यात असे रंगलो की माझं वळण चुकलं आणि चाळीस मिनिटांचा फेरा पडला. पण गाडीत कोणी रडलं नाही! हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाहीये, पोरांच्या अंगावरची उलटी पुसत शिकलेय.

राहिलं चालवणाऱ्याचं. पोस्टमध्ये मी "मोठ्यांनी" असं लिहिलंय, "चालवणाऱ्याने" हा शब्द तुमचा. नीट वाचायचं ना आधी.

मोबाईलने काही बिघडत नाही तर द्या की, मी काय तुमच्या गाडीत येऊन हिसकावून घेणारे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, तुमचा प्रवास दीड तासाचा, हिशोब तुम्ही करा.

आणि एक राहिलंच. तुमची मुलं किती वर्षांची आहेत ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आहेत ना? पुढच्या वेळी नाव घालून लिहा, मीही जरा नीट बोलेन.

पॉपकॉर्नची ओळ काढलीये. पेज रिफ्रेश करून बघा.