चढायचं राहू द्या, रिव्हर्समध्ये उतरता येतं का?

पहिला पाऊस पडला आणि इंदूरजवळचे सिमरोल-चोरलकडचे डोंगर हिरवे दिसायला लागले की मला मेसेज सुरू होतात. "ताई, थार घेतली. रविवारी तुमच्याबरोबर येऊ का?" कुणाकडे जिम्नी असते, कुणाकडे गुरखा, सगळ्या डोंगरवाटांवर नेता येणाऱ्या जीपसारख्या गाड्या. सोबत गाडीचे फोटो असतात: नवे रुंद टायर, बंपरवर विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोर गुंडाळणारं यंत्र), टपावर दिव्यांची पट्टी, लाल जेरीकॅन. मी प्रत्येकाला एकच विचारते. ओल्या चढावर अर्ध्यात इंजिन बंद पडलं, तर गाडी रिव्हर्समध्ये सरळ खाली आणता येते का? "हो, आणली आहे" असं उत्तर क्वचितच येतं. बहुतेक जण पुन्हा टायरबद्दलच सांगायला लागतात.

अलीकडे आपल्या ओळखीच्या कितीतरी मराठी घरांत अशा गाड्या आल्या आहेत. शनिवारी रात्री सराफ्यात बेत ठरतो आणि रविवारी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन मंडळी घाटाकडे निघतात. कुणाला अडवावं असं मला वाटत नाही, कारण या वाटा मला स्वतःला फार प्रिय आहेत. पण गाडी आणि माणूस तयार आहे की नाही हे ठरवायची जी रीत पडली आहे ती चुकीची आहे. "गाडीत दम आहे ना, मग चढेल" एवढ्यावर निर्णय होतो. चढण्याचं काम खरोखरच बरंचसं गाडी करते. अडकलं की मात्र सगळं माणसाकडे येतं.

म्हणून आधी त्या अडकण्याबद्दल. मुरमाचा उभा चढ आहे, आधीचे दोन-तीन दिवस पाऊस झालेला आहे. गाडी अर्ध्यावर जाते, चाकं फिरतात, खडी मागे उडते आणि इंजिन बंद पडतं. नवशिक्याचा पाय सवयीने क्लचवर जातो. क्लच दाबला की इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो आणि गाडी मागे धावायला लागते. तो ब्रेक दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. बंद इंजिनावर ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं लागतं. स्टिअरिंगही जड झालेलं असतं. घाबरून तो गाडी वळवायचा प्रयत्न करतो, आणि खरा घात इथे होतो. चढावर गाडी सरळ उभी असेल तोवर ती मागे घसरेल, फार तर कुठे तरी टेकेल. तीच गाडी आडवी झाली की तिचं वजन खालच्या बाजूच्या दोन चाकांवर येतं, आणि ती कलंडायला फार मोठा दगड लागत नाही.

योग्य पद्धत कंटाळवाणी वाटावी इतकी शांत आहे. ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, हँडब्रेक ओढायचा. श्वास घ्यायचा. लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा गिअर, आधीच लावलेली असते. क्लच दाबून रिव्हर्स टाकायचा, इंजिन सुरू करायचं, हँडब्रेक काढायचा, क्लच पूर्ण सोडत सोडत ब्रेक हळूहळू ढिला करायचा. आता गाडीला इंजिनाने धरलेलं असतं आणि ती चालत्या माणसाच्या वेगाने मागे येते. स्टिअरिंग अगदी थोडं हलवायचं, कारण अशा चढावर समोरची चाकं हलकी असतात, जास्त फिरवलं तर नाक घसरून गाडी आडवी होते. नजर आरशात, आणि खाली उभ्या असलेल्या एकाच माणसाच्या हातावर. सगळे मिळून ओरडायला लागले तर ड्रायव्हरने कुणाचंच ऐकू नये, थांबून राहावं.

हे ज्याच्या हातापायांत बसलं आहे तो माझ्या दृष्टीने तयार आहे, मग त्याच्याकडे जुनी जिप्सी का असेना. कारण ज्याला खात्रीने मागे येता येतं तो पुढे जाताना घाई करत नाही. ज्याच्याकडे परतीचा मार्ग नसतो तो जोर लावतो, अजून एक्सलरेटर देतो, "एकदा झटका मारून बघतो" म्हणतो. मी पाहिलेल्या मोडतोडीतली बरीचशी त्या एका झटक्यातली आहे. ॲक्सल तुटलेली, क्लच जळलेला, इंजिनाखालची चेंबर दगडावर फुटून तेल वाहिलेलं.

गाडीबद्दल बोलायचं तर कंपनीतून आली तशी गाडी आपल्या भागातल्या बहुतेक वाटांना पुरते. तीन दारांच्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स 226 मिमी आहे, जिम्नीचा 210. समोरून चढाला भिडण्याचा कोन थारला एक्केचाळीस अंशांच्या वर, जिम्नीला 36. लो रेंज थारमध्ये वेग साधारण अडीच पट कमी करून तेवढाच जोर वाढवते, जिम्नीत दोन पट. गुरखा तर आपल्या शेजारी पिथमपूरलाच तयार होते आणि तिला पुढच्या-मागच्या दोन्ही डिफला (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या भागाला) लॉक मिळतो, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरतात. या आकड्यांपेक्षा जास्त गाडी लागणाऱ्या जागा चोरल, मानपूर, जानापावच्या परिसरात आहेत, पण तिथे नव्या माणसाने जाऊच नये.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. 2023 पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. दिसायला अगदी तीच, किंमत कमी. रस्त्यावर उत्तम आहे, पण तिला लो रेंज नाही. घरात कुणी "थार म्हणजे फोर बाय फोरच", म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी, असं धरून चाललं असेल तर दुसरा लिव्हर कुठे आहे ते बघा. आणि लिव्हर असेल तर तो कधी लावायचा हेही शिका. कोरड्या डांबरावर फोर हाय (नेहमीच्या वेगात चारही चाकांना जोर) लावून वळणं घेतली की पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे ते फरक शोषणारं काही नसतं, आणि सगळा ताण पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसवर येतो. "फोर बाय फोर आहे" म्हणजे चारही चाकं नेहमी ओढतात असंही नाही. डिफ लॉक केलेला नसेल तर जोर सोप्या वाटेने जातो, म्हणजे हवेत लटकलेल्या चाकाला. तिरकस खड्ड्यात एक पुढचं आणि एक मागचं चाक उचललं गेलं की गाडी जागच्या जागी चाकं फिरवत उभी राहते. अशा वेळी काय करायचं हे माहीत नसेल तर डिफ लॉकचं बटण डॅशबोर्डवर असून काय उपयोग?

टायरवर पैसे खर्च करा, दिव्यांवर नंतर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसते म्हणून लोक जुनाट, कडक झालेले टायर सेकंडहँड आणतात. ओल्या दगडावर ते धरत नाहीत. शहरात ज्या हवेवर गाडी चालते ती वाटेवर कमी करावी लागते. तीसच्या आसपास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर मी अठरा-वीसवर आणते, मग टायर पसरतो आणि दगडाला कवटाळतो. साध्या रिमवर पंधराच्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निघू शकतो. आणि हवा कमी केली तर परत भरायचा कॉम्प्रेसर हवाच. वीस पीएसआयवर खंडवा रोडने ऐंशीच्या वेगात परत येणं म्हणजे टायर भाजून काढणं.

मी गाडी पाहताना सगळ्यात आधी खाली वाकते आणि ओढायचा हुक बघते. बऱ्याच गाड्यांना खाली जी कडी दिसते ती गाडी ट्रकवर लादून बांधण्यासाठी असते. चिखलात बसलेली गाडी सोडवताना पट्ट्यावर गाडीच्या वजनापेक्षाही जास्त ताण येऊ शकतो. ती कडी किंवा ट्रेलरचा गोळा उखडला तर तो गोळीसारखा काचेतून आत येतो. जगभरात यात माणसं मेली आहेत. म्हणून पट्टा चॅसीवर बसवलेल्या, त्याच कामासाठी दिलेल्या हुकालाच लावायचा, पट्ट्यावर गोधडी किंवा ओली पोती टाकायची, आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर पाठवायचं. व्हिडिओ काढायला जवळ येणाऱ्याला मी हाताला धरून बाजूला करते, राग आला तरी चालेल.

आता आपली माती. माळव्याची काळी माती पिकाला सोन्यासारखी आहे, चाकाला मात्र वैरीण. पाणी प्यायली की फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, आणि दहा पावलांत महागडा टायर गुळगुळीत होतो. पुढे ती मडगार्डच्या आत इतकी साचते की चाक फिरायचं थांबतं. कड्याच्या खाली निमाडकडे उतरलं की बेसाल्टचे दगड, मुरूम, ओढे. म्हणजे एकाच सकाळी दोन वेगळ्या परीक्षा. आणि जून-जुलैत सोयाबीनची पेरणी चालू असते. त्या दिवसांत गाडी काढायला कुणाचा ट्रॅक्टर मागायचा म्हणजे त्याच्या वापशाचा, म्हणजे पेरणीजोग्या ओलीचा, दिवस खायचा. तुमचा रविवार चुकला तर पुढचा आहे, त्याची पेरणी चुकली तर वर्ष गेलं. शेताच्या बांधावरून, उगवत्या सोयाबीनवरून गाडी घालणाऱ्याला मी दुसऱ्यांदा बोलावत नाही. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणाऱ्यालाही नाही.

पाण्याबद्दल मी सगळ्यात कडक आहे. पाताळपाणीचा धबधबा चोरल नदीवरच आहे, आणि 2011 च्या जुलैत तिथे काय झालं ते इंदूरमध्ये कुणाला सांगायला नको. वर पाऊस झाला, पाणी क्षणात चढलं, पात्रात उभं असलेलं कुटुंब लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. सगळे वाचले नाहीत. त्याच नदीच्या अंगाखांद्यावरचे ओढे ओलांडायला आपण "650 मिमीपर्यंत चालते" या कंपनीच्या आकड्यावर निघतो. तो आकडा थांबलेल्या पाण्याचा आहे. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी मोटार उचलून नेऊ शकतं, दोन फूट असेल तर बहुतेक गाड्या नेतं. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. माझा नियम साधा आहे: जिथे मी स्वतः पायी ओलांडायला धजणार नाही तिथे गाडी घालणार नाही. पाणी इंजिनाच्या हवेच्या नळीत गेलं तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विमा कंपनीशी भांडत बसावं लागतं. स्नॉर्केल लावल्याने हवेची नळी वर जाते, गाडीचं वजन वाढत नाही. प्रवाह तिला तसाच ढकलतो.

माणसाकडे परत येते. मी कुणाला पहिल्यांदा नेते तेव्हा मधल्याच सोप्या चढावर हात वर करून "थांब" म्हणते, कारण नसताना. जो लगेच थांबतो आणि मग विचारतो "काय झालं ताई?", त्याच्याबरोबर मी कुठेही जाईन. जो आणखी दहा फूट जाऊन थांबतो आणि म्हणतो "अरे भिया, चढतच होती ना", तो त्या दिवशी पुढच्या वाटेला येत नाही. दुसरी खूण शेजारच्या सीटवर असते. बायको किंवा आई घाबरली आहे आणि हा हसतोय, "तुला काय कळतं" म्हणतोय, तर मला त्याच्या हाताबद्दल शंका येते. भीती वाटणारं माणूस गाडीचं कलणं अनेकदा ड्रायव्हरच्या आधी ओळखतं. मुलांना मागे बेल्टशिवाय उभं करून सनरूफमधून डोकं बाहेर काढू देणाऱ्याशी तर मी वाद घालत नाही, सरळ परत पाठवते.

"तुम्ही घाबरवता" असं मला सांगितलं जातं. उलट आहे. एका तरुणीने गेल्या हिवाळ्यात जिम्नी घेतली. तिला कुणी काहीच शिकवलं नव्हतं, म्हणून तिला सवयी मोडाव्या लागल्या नाहीत. मुरमाच्या एका बंद खाणीत, मालकाला विचारून, ती दिवसभर एकच चढ अर्धा चढत होती आणि रिव्हर्समध्ये उतरत होती. दुसरा काही खेळ नाही. संध्याकाळी तिच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा होता तो मला फोटोतल्या कुठल्याही चिखलापेक्षा जास्त आवडला. पावसाळ्याच्या तोंडावर ती एका वाटेच्या सुरुवातीला उतरली, दोनशे पावलं चालून आली आणि म्हणाली, "आज नको." आमच्यातल्या अनुभवी मंडळींनीही मग गाड्या वळवल्या.

तर ज्यांनी विचारलं आहे त्यांना: या पावसात मी कुणाला नवीन घेऊन जाणार नाही. दसऱ्यानंतर माती वाळली की एक दिवस फक्त सरावाचा ठेवू, त्याच खाणीत. गाडी रिकामी आणा, टपावर काही नको. मुलं आणि आजी-आजोबा पुढच्या खेपेला. कॉम्प्रेसर आणि पट्टा माझ्याकडे आहे. गाडीच्या खालचे, पुढच्या आणि मागच्या हुकांचे फोटो मात्र आधी पाठवा.