तुरुंगात न गेलेले सहा शास्त्रज्ञ

‘इटलीत भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञ तुरुंगात सडतायत. तज्ज्ञ रोज मत बदलतात. संकटात वेळ नसतो, नेत्याने मनाचा कौल घ्यावा.’ हा मजकूर काल तिसऱ्यांदा आला. या वेळी पाठवणारे माझे मामा, ज्यांनी जन्मभर वर्गात ‘हे कुठून उतरवलंस?’ असं विचारून पोरांना उभं केलं.

तर इटली. लाक्विला, ६ एप्रिल २००९, ३०९ मृत्यू. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला सहा वर्षांची शिक्षा झाली, इथवर खरं. २०१४ मध्ये अपिलात सहाही जण सुटले, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. दोषी राहिला तो अधिकारी, नागरी संरक्षण खात्याचा उपप्रमुख. त्याचीही शिक्षा दोन वर्षांवर आली.

आणि भाकीत चुकल्याचा खटला नव्हताच तो! कित्येक महिने धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक तासाभरात उरकली. त्याआधीच हे उपप्रमुख कॅमेऱ्यासमोर सांगून मोकळे: ऊर्जा बाहेर पडतेय, म्हणजे बरंच आहे. (भूकंपशास्त्र असं म्हणत नाही.) मग निवांत वाइन प्यायची का, असं विचारल्यावर कुठली प्यायची तेही सांगितलं. धक्का बसला की रात्र उघड्यावर काढायची, ही त्या गावाची जुनी रीत. भूकंपाच्या रात्रीही आधी दोन धक्के बसले, तरी आश्वासनावर विसंबून काही कुटुंबं घरातच झोपली.

खातेप्रमुखांचा आधीचा फोनही पुढे उघड झाला: ही बैठक मुख्यतः माध्यमांसाठी. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं, तज्ज्ञ शोभेला. बहुतेक शास्त्रज्ञ बैठक संपताच परतले आणि बोलायचं काम अधिकाऱ्यांवर सोडलं, ही मात्र त्यांची चूक.

मत बदलतात? बदलतात. सर्वसामान्यांनीही मास्क घालावा, हे जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० ला सांगितलं. उशीर झाला, आणि आधी ‘खात्री नाही’ एवढं तरी ठळकपणे म्हणायला हवं होतं. पण पुरावा आल्यावर मत बदलणं हा गुन्हा कधीपासून?

राहिला वेळ. कोलंबियातल्या नेवादो देल रुइझ ज्वालामुखीचा धोका-नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार होता. उद्रेकाने बर्फ वितळून जो चिखलाचा लोंढा येतो, त्याच्या वाटेत आर्मेरो गाव दाखवलेलं. १३ नोव्हेंबरच्या रात्री चिखल आला, तेव्हा गाव भरलेलंच होतं. एकूण सुमारे २३,००० माणसं गेली. वेळ महिनाभर होता, मामा.