टिचकी

सांगलीच्या माणसाला बोट विकत घ्यायची गरज नसते. ती घरी येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीला रबरी बोट लागली आणि हिला घेऊन गेली. हिच्या आधी तंबोरा उतरवला. मी पुढच्या फेरीत. त्यामुळे निवृत्तीनंतर एका रात्री जेवताना मी म्हणालो, "मी एक शिडाची बोट बघतोय," तेव्हा हिचा आमटी वाढणारा हात थांबलासुद्धा नाही.

"कशाला? येईल की पावसाळ्यात."

पण मी फोटो पाहिला होता. २६ फुटांची, फायबरग्लासची, १९७० च्या आसपास बांधलेली. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठी टेकूंवर उभी. आत झोपायला दोन बाकं, चहापुरती शेगडी आणि मान वाकवली तर उभं राहता येईल एवढं छप्पर. साडेसहा लाख. मी चौतीस वर्षं बँकेत शेतीकर्जं दिली. म्हशीच्या कानातला बिल्ला आणि कागदावरचा नंबर जुळतोय का हे गोठ्यात वाकून बघितलं. ताजा रंग मारलेल्या जुन्या ट्रॅक्टरला तर मी हातच लावत नसे. "वस्तू आवडली हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही," असं किती शेतकऱ्यांना सांगितलं त्याची गणती नाही. आणि बोटीच्या मालकाला पहिल्याच फोनवर मी काय विचारलं? "शीड पांढरंच आहे ना हो?"

हिने एकच अट घातली. "एकटे जायचं नाही. चाचांना न्या."

चाचा म्हणजे मिरजेचे. हिचा तंबोरा पंचवीस वर्षं त्यांच्याकडे दुरुस्तीला जातो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हिने त्यांना पेढे नेऊन दिले होते.

"अगं, चाचांनी बोट कधी पाहिलीय?"

"तंबोऱ्याचा भोपळा पाहिलाय ना? तुमची बोट म्हणजे काय, पोकळ कवचच. चाचा टिचकी मारून सांगतात, कुठं पातळ आहे, कुठं आतून किडलाय."

मी हसलो. मग मोबाईलवर वाचलं, की जुनी फायबरची बोट तपासणारे जाणकार छोटा हातोडा घेऊन इंच इंच ठोकतात आणि आवाज ऐकतात. ही मोबाईल न उघडताच तिथं पोचली होती. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी याची सवय होत नाही.

आंबा घाटात चाचांना गाडी लागली, साखरप्याला चहा झाला, बारा वाजता खाडीवर पोचलो. बोट फोटोतल्यापेक्षा मोठी वाटत होती, आणि जरा पुढे झुकून वाट बघत असल्यासारखी. रंग ताजा होता. ट्रॅक्टरचा नियम मला आठवला, पण बोट ट्रॅक्टर थोडीच असते.

मालक बोलका. "एकदम कंडिशनमध्ये. घ्यायची आणि गोव्याला निघायचं."

चाचांनी चपला काढल्या. बोटीभोवती एक फेरी मारली, पिशवीतून लाकडी हातोडी काढली, तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान टेकवावा तसा बोटीच्या पोटाला कान टेकवला आणि ठोकायला लागले. टण्. टण्. टण्. मालक बोलायचे थांबले. मीही श्वास धरला. नाळेपासून सुकाणूपर्यंत, दोन्ही अंगांनी, अर्धा तास नुसतं टण् टण्. शेवटी चाचा सरळ झाले.

"भोपळा झकास हाय, सायेब. जाड. जुन्या लोकांनी हात सैल सोडून बनवलाय."

हे खरंच होतं. फायबरग्लास नवीन असताना ते किती ताकदीचं याचा नेमका अंदाज नव्हता, म्हणून जुन्या बोटी थरावर थर देऊन जाड बांधत, असं मीही वाचलं होतं. माझा हात खिशातल्या चेकबुकाकडे गेला.

"आता वरची तबली बघू," चाचा म्हणाले आणि शिडी चढले. तबली म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची लाकडी पाटी; इथं बोटीचा वरचा भाग.

टण्. टण्. बद्.

तो 'बद्' मी अजून विसरलेलो नाही. ओल्या पोत्यावर बुक्की मारल्यासारखा. चाचांनी तिथं खडूने गोल काढला. पुन्हा बद्. आणखी गोल. शिडाच्या डोलकाठीजवळ तर पाय ठेवला की जमीन अर्ध्या भिजलेल्या पापडासारखी दबत होती. गोम अशी, की वरचा भाग भरीव नसतो. फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये हलकं बाल्सा लाकूड भरलेलं असतं. कुठल्यातरी कडीच्या स्क्रूतून पावसाचं पाणी आत शिरतं, वर्षानुवर्षं मुरतं, लाकडाचा भुगा होतो आणि वरून रंग हसत असतो. वरचा पापुद्रा कापा, कुजलेलं खरवडा, नवं भरा, पुन्हा बंद करा, हाच उपाय.

"थोडंच आहे," मी म्हणालो. मालक नव्हे, मी! चाचांनी बावीस गोल मोजून दाखवले.

मग पाण्याखाली राहणारा भाग. तिथं हरभऱ्याएवढे फोड. "रंगाचे आहेत," मालक म्हणाले. मी चष्मा पुढे सरकवून वाकलो, आणि चाचांनी त्याच क्षणी आर टोचली. चिळकांडी थेट काचेवर. आंबट, व्हिनेगरसारखा वास. तासगावचे बेदाणे पाण्यात टाकले की पाणी आत ओढून टम्म फुगतात ना, तोच प्रकार. शाळेत त्याला परासरण म्हणायचे. वरच्या गुळगुळीत थरातून पाणी झिरपतं, आत राळेतल्या उरल्यासुरल्या रसायनांशी त्याचं आम्ल होतं आणि फोड येतो. एवढ्याने बोट बुडत नाही म्हणतात. पण चष्मा पुसताना माझा उत्साह निम्म्यावर आला होता.

खाली वजनाचा जो पंखा असतो, कील, तो जिथं पोटाला जोडलाय तिथं पुढच्या बाजूला एक बारीक वाकडी चीर होती. बोट कुत्सित हसल्यासारखी. आत फळी उचलून बघितलं तर कीलच्या बोल्टांवर गंजाचे पापुद्रे. शेजारी समुद्राचं पाणी अडवणारा पितळी कॉक होता. मी फिरवायला गेलो तर मालक किंचाळले, "तो हलवू नका!"

आता चाचा रंगात आले होते. डोलकाठीला चारी बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारांपाशी जाऊन त्यांनी एक छेडली, दुसरी छेडली, चेहरा वाकडा केला. "हितं षड्जच नाही." मग खिशातला रुमाल काढून तारेवरून हळूच फिरवला. टोकाजवळ, तार जिथं टोपणात शिरते तिथं, रुमाल अडकला. तारेची बारीक कुसळं तुटून बाहेर आली होती. स्टीलची तार अशीच टोपणात पाणी साठून आतल्या आत मरते.

"कधी बदललेल्या?" मी विचारलं. दहा-पंधरा वर्षांत बदलतात हे मला माहीत होतं.

"बदलायच्या कशाला? ओरिजिनल आहेत!" मालक छाती काढून म्हणाले.

चाचांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. "म्या तंबोऱ्याच्या तारा दर वर्षाला बदलतो," ते म्हणाले. "आन् त्येच्यावर बसून कोण समुद्रात जात न्हाई."

इंजिनाची काडी बाहेर काढली तर ऑइलचा रंग टपरीवरच्या चहाचा. म्हणजे पाणी आत गेलेलं. शीड पांढरं होतं, कबूल; पण कडक असायला हवं ते हिच्या जुन्या सुती साडीसारखं मऊ पडलेलं, आणि नख लावलं तर शिवण उसवत होती. कागद तिसऱ्याच माणसाच्या नावावर. बँकेत असतो तर एवढ्यावरच फाईल बंद केली असती. इथं मी विचारलं, "पाच लाखांना द्याल का?"

चाचांनी मला दंडाला धरून गाडीत बसवलं. घाट चढून वर येईपर्यंत मी बोललो नाही. मलकापूरला चाचांनी भजी खाऊ घातली, लहान मुलाला देतात तशी, एकेक.

रात्री नऊला घरी पोचलो. हिने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि प्रश्न चाचांना विचारला.

"कसं काय निघालं?"

"वहिनी, वस्तू चांगली हाय," चाचा म्हणाले. मला एकदम उभारी आली. "फकस्त तारा बदलायच्या. घोडी बदलायची. खुंट्या बदलायच्या. तबली नवी घालायची. दांडीचा जोड हललाय, तो सोडवून परत बसवायचा. भोपळा तेवढा झकास. त्याला काय करायला नको."

"म्हणजे भोपळाच," ही म्हणाली, आणि चाचांचं ताट घ्यायला आत गेली.