‘उगाच बागुलबुवा’ म्हणणाऱ्या वाचकास

‘स्पष्टवक्ता’ यांस,

फ्रेंच-इंग्रजी वाक्प्रचारांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “शब्दकोशातून चार वाक्प्रचार उचलले की लेख होत नाही. ‘फिले आ लांग्लेज’ला इंग्रजीत ‘टेक फ्रेंच लीव्ह’ अशी आयती जोडी आहे, मग अडलं कुठं? उगाच बागुलबुवा. आणि हल्ली ही कामं यंत्र करतंच.”

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘उचलले’? मी पुण्यात फ्रेंच शिकले, पुढे यंत्रांची माहितीपुस्तकं आणि करारनामे भाषांतरित करून घर चालवलं. शब्दकोश टेबलावर असतो, हे कबूल. सुताराकडे रंधा असतो, म्हणून त्याला कुणी चोर म्हणत नाही. टोपणनावाआडून असले शब्द फेकायला फारसं काही लागत नाही, एवढंच म्हणते.

एक मान्य. लेखात प्राणी जरा जास्तच झाले. घसा बसला की फ्रेंचांच्या घशात मांजर आणि इंग्रजांच्या घशात बेडूक, एवढ्यावर थांबायला हवं होतं.

आता तुमची आयती जोडी. मेजवानीतून यजमानाचा निरोप न घेता काढता पाय घेतला, की फ्रेंच म्हणतात ‘फिले आ लांग्लेज’, म्हणजे इंग्रजासारखा सटकला. अठराव्या शतकात इंग्रजही ‘टेक फ्रेंच लीव्ह’ म्हणत हेच फ्रेंचांच्या नावावर खपवत होते. तोवर तुमचं बरोबर. पण पुढे इंग्रजीत अर्थ सरकला आणि परवानगीशिवाय कामावरून किंवा पलटणीतून गैरहजर राहण्यालाही ‘फ्रेंच लीव्ह’ म्हणू लागले. शिवाय आज ते जुनाट वाटतं. फ्रेंच वाक्प्रचार मात्र अजून रोजच्या बोलण्यात आहे. अमेरिकेत तर मेजवानीतून गुपचूप निघण्याला ‘आयरिश गुडबाय’ म्हणतात, म्हणजे खापर तिसऱ्याच्याच माथी.

समजा, फ्रेंच कादंबरीत पॅरिसची यजमानीण लंडनच्या पाहुण्याला दारातच गाठते, त्याच्या हातात कोट, आणि चिमटा काढते : “काय, इंग्रजासारखे सटकताय?” इंग्रजीत ‘फ्रेंच लीव्ह’ लिहिलंत, तर चिमटा तिचा तिलाच बसतो. ‘आयरिश’ लिहिलंत, तर तो बिचारा त्या खोलीत आलाच कुठून? नुसतं ‘न सांगता निघालात’ लिहिलंत, तर अर्थ पोचला, थट्टा गेली. तुमची आयती जोडी इथे लावून दाखवा.

विने आणि दार्बेल्ने या दोन भाषाभ्यासकांनी 1958 साली फ्रेंच-इंग्रजी तुलनेवर ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवातच न्यूयॉर्कहून माँट्रियलला जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाट्यांपासून होते. भलत्या जागी घुसून गोंधळ घालणाऱ्याबद्दल बोलताना फ्रेंचमध्ये स्किटल्सच्या, म्हणजे चेंडूने खुंट्या पाडायच्या खेळात कुत्रा घुसतो, तिथे इंग्रजीत चिनी मातीच्या दुकानात बैल, हे त्यांचं उदाहरण. शब्द सोडा, प्रसंग जुळवा, असा त्यांचा रोख. वर दिलेल्या दारातल्या प्रसंगात मात्र तोही जुळत नाही, कारण तिथे ‘इंग्रज’ हा शब्दच विनोद आहे. लेखात मी हेच लिहिलं होतं, तिसऱ्या परिच्छेदात. तिथवर आपण पोचला नसाल.

यंत्राबद्दल स्वतंत्र लेख लागेल. तो मी लिहीनही, पण तुम्ही हिणवलंत म्हणून नव्हे.