ऑर्किडवरच्या पांढऱ्या किडीला व्हिनेगर-सोडा फवारू नका

सध्या जो उपाय सगळीकडे फॉरवर्ड होतोय तो असा: ऑर्किडला पांढरी कीड लागली की पाण्यात व्हिनेगर, खायचा सोडा आणि भांडी घासायचं लिक्विड घालून एकदाच भरपूर फवारा, कुंडीत दालचिनी पावडर टाका, मुंग्या असतील तर राहू द्या, त्या कीड खातात. मंडळी, कृपया हे करू नका, चांगली झाडं जातात यात.

आधी फवारा. व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की फसफसतं आणि औषध जोरदार आहे असं वाटतं, पण तिथे दोघं एकमेकांचा जोर संपवत असतात, उरतं ते सोडियम ॲसिटेट, म्हणजे एक प्रकारचं मीठ, त्याने कीड मरत नाही आणि ऑर्किडच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. व्हिनेगर जास्त पडलं तर पानं करपणार. भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढण्यासाठीच असतं, ते पानावरचा मेणाचा थरही काढतं. किडींसाठीचा पोटॅशियम साबण वेगळा मिळतो, तो घ्या.

आता "एकदाच फवारा", यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ही कीड म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि त्याच्या अंगावर दिसणारा पांढरा कापूस म्हणजे त्याचं मेण, मादीची अंडी त्याच कापसात असतात. डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडच्या काडीवरचं वाळकं कागदासारखं आवरण नखाने सोलून बघा, आत दाटीने बसलेले दिसतील, फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडमध्ये पानांच्या बेचक्यात, आणि कुंडीत कोळसा-सोडणाच्या आत मुळांवरसुद्धा, तिथे वरून मारलेला फवारा पोचणार कसा? त्यापेक्षा इअरबड 70% आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेकाला टेकवा, मेण विरघळतं आणि खालचा किडा तपकिरी पडतो. आधी एका पानावर करून बघा, झाड सावलीत ठेवा. अंडी याने मरतील असा भरवसा नाही, नंतर पिल्लं बाहेर येतात, म्हणून दर आठवड्याला परत, निदान तीन-चार वेळा. मुळांत कीड असेल तर झाड काढून मुळं धुवा आणि कोळसा, सोडणं सगळं नवीन घाला. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या कोंबात पाणी राहिलं तर टिश्यूने टिपा, नाहीतर कोंब कुजतो, पावसाळ्यात तर फारच पटकन.

मुंग्यांचं तर बरोब्बर उलटं आहे. पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतो तो त्यांना हवा असतो, त्यासाठी त्या किडीला राखतात आणि तिला खायला आलेल्या लेडीबर्डला हाकलतात, त्यामुळे मुंग्यांची ये-जा आधी बंद करा. पण फुलांच्या दांड्यावर स्वच्छ पारदर्शक थेंब असतील आणि नीट शोधूनही कीड दिसत नसेल तर तो झाडाचाच मधुरस असतो, त्यावरही मुंग्या येतात, अशा वेळी काहीच फवारायची गरज नाही.

दालचिनीने मुळं सुकतात. पान किंवा काडी कापली तर त्या जखमेवर चिमूटभर लावा, कुंडीत नको.

आणि पानांची मागची बाजू चंदेरी, खरबरीत दिसत असेल तर पांढरा टिश्यू त्यावरून फिरवा, लालसर-तपकिरी डाग उमटले तर बहुतेक कोळी (झाडाचा रस शोषणारे बारीक माइट्स) आहेत, ते कीटकच नाहीत, आठ पायांचे असतात, त्यांच्यावर इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मारून उपयोग नाही. पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा आणि संध्याकाळी नीम ऑइल मारा, लेबलवरच्या प्रमाणातच.