मोहाशी झुंजण्याआधी दार कुठे आहे ते बघा

मोहावरचा संदेश म्हटला की याकोब 4:7 हमखास येतं. सैतानाला अडवा म्हणजे तो पळून जाईल. पण वचनाची सुरुवात तिथे नाही. 'देवाच्या अधीन व्हा' हे त्याआधी आहे आणि नेमकं तेच आपण गाळतो. मग उरतं काय? दातओठ खाऊन उभं राहणं. त्यालाच आपण विश्वास म्हणतो, आणि बरेच जण तिथेच हरतात.

दाविदाची गोष्ट (2 शमुवेल 11) सावकाश वाचा. सैन्य लढाईला गेलंय, राजा यरुशलेमेत मागे राहिलाय. संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फेऱ्या मारतोय. आंघोळ करणारी एक स्त्री दिसली, इथवर ठीक. मग चौकशी केली. उत्तर आलं: ती उरीया हित्तीची बायको ना? 1 करिंथ 10:13 मध्ये मोहातून निभावण्याच्या ज्या उपायाची हमी आहे, तो या एका वाक्यात समोर उभा होता. दाविदाने ऐकलं आणि तरीही तिला आणायला माणसं पाठवली. आपलंही असंच होतं. बाहेर पडायची वाट बहुतेक वेळा अगदी साधी असते: आलेला फोन, कुणाची हाक, मनाला टोचलेला एक शब्द. आपण मात्र चमत्काराची वाट बघत बसतो.

योसेफाने उलट केलं. त्याचा मालक पोटीफर, त्याची बायको रोज योसेफाच्या मागे लागत होती. तो नुसता नाही म्हणत राहिला नाही, तिच्याजवळ थांबायचंही टाळलं. शेवटी वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर पळाला (उत्पत्ती 39). पळण्यात आपल्याला कमीपणा वाटतो. पौलाला वाटत नव्हता. जारकर्म, मूर्तिपूजा, द्रव्यलोभ, तारुण्यातल्या वासना, या चारही बाबतींत तो 'पळ काढा' असंच लिहितो.

आता वचनाचा वापर. अरण्यात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूने दिलेली तिन्ही उत्तरं 'अनुवाद' या पुस्तकाच्या 6व्या आणि 8व्या अध्यायांतली आहेत, आणि प्रत्येक उत्तर त्या-त्या मोहाला नेमकं लागू पडतं. वचन तर सैतानानेही वापरलं, स्तोत्र 91. फक्त 'तुझ्या सर्व मार्गांत' हे शब्द गाळून. म्हणून दहा वचनं वरवर घोकण्यापेक्षा आपला एक नेहमीचा मोह निवडा, त्यावरचं एकच वचन मागच्यापुढच्या ओळींसकट पाठ करा, आणि मोहाची वेळ यायच्या आधी रोज मोठ्याने म्हणा. रागावर औषध हवं असताना पैशावरचं वचन कामाचं नाही. ऐन वेळी शास्त्र चाळत बसलात तर उशीर झालेला असतो.

प्रार्थनेतही एक चूक सर्रास होते. पंधरा मिनिटं त्या मोहाचंच वर्णन! चित्र डोळ्यांसमोरून हटतच नाही. मोबाईल हातात धरून 'प्रभू, मला वाचव' म्हणणं हा त्यातलाच प्रकार. दोन वाक्यांत मदत मागा, उठा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. मग हवी तेवढी प्रार्थना करा, पण दुसऱ्या कुणासाठी.

पडलात तर? पडण्यापेक्षा जास्त नुकसान पुढच्या आठवड्यात होतं: लाजेने प्रार्थना बंद, मग उपासना बंद. पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो, हे 1 योहान 1:9 त्याच रात्री वापरा, 'आधी थोडं सुधारतो' म्हणून थांबू नका. आणि याकोब 5:16 प्रमाणे एका प्रौढ विश्वासणाऱ्याला सांगा. पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला. अख्ख्या प्रार्थनागटाला नको. तिथे कबुलीची प्रार्थनाविनंती होते आणि प्रार्थनाविनंतीची चर्चा. खरं तर पडण्याआधी सांगितलेलं उत्तम: 'आज रात्री घरी एकटा आहे, दहा वाजता फोन कर.'

राहिलं मत्तय 12 मधलं झाडून सजवलेलं रिकामं घर. अशुद्ध आत्मा माणसातून गेला, जागा कुणी भरली नाही, तो आणखी सात घेऊन परतला. सवय सोडताना 'हे करणार नाही' एवढंच ठरवलं तर रात्री अकराचा तो तास रिकामाच राहतो. त्या तासात काय करणार, कुठे बसणार, कुणाशी बोलणार, हे दुपारीच लिहून ठेवा.